फार्सालाचा हलवा

म्हाताऱ्यांच्या बाकावर किस्से धुळीसारखे साठतात. कोणी झटकत नाही. इथे परदेशात, हॅरिस पार्कातल्या आमच्या बाकावर आम्ही तिघे बसतो. मी, कॅसल हिलहून येणारे रिटायर्ड इंजिनीअर कुलकर्णी आणि ग्रीक स्टाव्रोस. मी चौथीपर्यंत शिकलो. ते सांगायला मला लाज वाटत नाही.

*

स्टाव्रोसने एकदा आपल्या ग्रीक गावाचं नाव सांगितलं, फार्साला. कुलकर्णी उडालेच, मला म्हणाले, "अण्णा, सीझर आणि पॉम्पी! रोमन लोकांची आपसातली लढाई! अख्ख्या रोमचा निकाल तिथे लागला!"

स्टाव्रोस म्हणाला, "नो, मेट. आमचं गाव हलव्यासाठी फेमस."

*

मी विचारलं, "हे दोघे एकमेकांचे कोण?"

"सीझर सासरा, पॉम्पी जावई," कुलकर्णी म्हणाले. "त्यात जावई वयाने मोठा."

"मग लढाई होणारच!"

*

पुढचं स्टाव्रोसने सांगितलं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. म्हणून नीट समजलं.

पॉम्पीची फौज दुप्पट. जिंकणारच, म्हणून तंबूत आधीच मेजवानी मांडली. हरला, पळाला. ती ताटं सीझरच्या शिपायांनी खाल्ली!

दोन हजार वर्षं उलटली. आणि हा माणूस ती ताटं काल उष्टी झाल्यासारखं सांगत होता.

*

स्टाव्रोसच्या घरात नियम एकच. निकालाआधी गोड नाही. नातीची फुटीची, म्हणजे इथल्या रग्बीची फायनल होती. लेकीने केक आणला. याने तो गाडीतून उतरवू दिला नाही. नात जिंकली. केक उन्हात वितळला.

बायको एलेनी चिडली. "आता काय खायचं?"

"चमचा आण!"

*

मग त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी खात्री दिली नाही. त्या सकाळी मी हॉस्पिटलात गेलो. स्टाव्रोसने हलव्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. स्वतः केलेला.

मी ओरडलो, "लढाईआधी?"

"हरलो तर तू खा, मेट. अन्न वाया जाऊ नये."

त्याला आत नेलं.

मी आणि एलेनी दुपारपर्यंत बसून होतो. मी झाकणाला बोट लावलं नाही.

सर्जन बाहेर आले. "ऑल गुड."

एलेनीने डबा उघडला. वर जळक्या साखरेचा तांबूस थर, आत बदाम. कोपऱ्यातली एक वडी नव्हती.

"कालच खाल्ली त्याने," ती म्हणाली. "म्हणाला, ही जिंकणाऱ्या सीझरची."