खिंडीत उतरायचं नाय

माझा बाप जगातला सगळ्यात गोड माणूस आहे, आणि त्याच्याइतकं डोकं माझं आजवर कुणी खाल्लेलं नाही. हे दोन्ही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चिडले तर तुम्ही मनावर घेणार नाही.

मी साक्षी. पोलादपूरला रस्त्याच्या कडेला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकले. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप हे सगळं करत होतेच, आता तीन-चार वर्षं सायकलला लावायच्या मोटरीही करते. बाईमाणूस मोटर उघडतंय म्हटल्यावर आधी लोक उभं राहून बघायचे. आता नंबर लावतात.

आबा म्हणजे भिकाजी, बांधकाम खात्यातला मैलकुली. आंबेनळी घाटातली गटारं उकरायची, पावसाळ्यात रस्त्यावर आलेली माती ओढायची, ही त्याची नोकरी. तेहतीस वर्षं केली. घाटाच्या पायथ्यापर्यंत जायचा-यायचा ते एका काळ्या सायकलवर. ती सायकल माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, आणि तिचे लाडही माझ्यापेक्षा जास्त झालेत.

दरवर्षी वीस मार्चला आबा आणि आई याच सायकलवरून महाडला चवदार तळ्यावर जायची. वाडीतली बाकी माणसं टेम्पोनं. आई मागे कॅरिअरवर, पांढऱ्या पातळात, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं. लग्न झाल्यापासून हे असंच. हायवेला लागायच्या आधी आमची खिंड लागते, अर्ध्या किलोमीटरचा उभा चढ. तिच्या तोंडाशी सायकल हळू झाली की आई टुणकन उतरायची, कॅरिअरला हात लावून मागनं ढकलत वर यायची, आणि वर पोचल्यावर परत बसायची. चाळीस वर्षं. कुणी कुणाला उतर म्हणालं नाही की बस म्हणालं नाही.

दोन वर्षांपूर्वी आबाच्या छातीत दुखलं. मुंबईला नेला, स्टेंट बसवली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण धाप लागेल असं काही करू नका. अहो, आमच्याकडे सपाट रस्ता औषधालासुद्धा नाही! सायकल पडवीत उभी राहिली. दोन वर्षं वीस मार्चला आबा टेम्पोतून गेला, रुसलेल्या नवरदेवासारखं तोंड करून. तिकडे कुणी जय भीम म्हणालं तरी याचं उत्तर पुटपुटल्यासारखं. शेवटी मलाच बघवेना.

या डिसेंबरात मी त्याच्या सायकलला मोटर बसवली. चाकात बसते ती नव्हे, दोन पायडलांच्या मधे बसते ती. ही मोटर चेन ओढते, त्यामुळे चढावर हलका गिअर टाकला की आपल्या पायाला जसं सोपं जातं तसंच तिलाही जातं. म्हणून मागचं चाक बदलून सात गिअरचं घातलं. आणि अट घातली: वीस मार्चला सायकलवर आबा एकटा, आई टेम्पोतून. आबानं मान डोलावली. माझ्या बापाने न भांडता मान डोलावली की समजायचं, पाणी कुठेतरी मुरतंय. मी समजले नाही.

जानेवारीत मोटर खरखरायला लागली. उघडली, तर आतल्या पांढऱ्या नायलॉनच्या गिअरचे दात पार गुळगुळीत. दीड महिन्यात! मी सायकल वरखाली तपासली आणि हँडलवर नजर गेली. गिअर बदलायच्या खटक्याला सुतळीने गच्च बांधून टाकलेलं, तेही सगळ्यात जड गिअरात.

"आबा, हे कुणी बांधलं?"

"मीच."

"का?"

"हलत होता."

"अरे, हलायसाठीच असतो तो!"

"चाळीस वर्सं एकाच गिअरवर चालवली. काय अडलं नाय माजं."

कपाळावर हात मारून घेतला मी. ज्याने आयुष्यभर बिनगिअरची सायकल हाणली त्याला गिअर म्हणजे सैल झालेला भाग वाटला, आणि सैल भाग आवळायचा ही खात्याची शिस्त. त्या जड गिअरात हा चढ चढवायचा, मोटर बिचारी कण्हत ओढायची, आणि दात झिजायचे.

"मंग हा दाता लोखंडाचा बसव ना गो," आबा म्हणाला.

"नायलॉनचा मुद्दाम असतो, आबा. जोर जास्त झाला की तो झिजतो आणि मोटर वाचते. लोखंडाचा घातला तर तो टिकेल, नि मोटर जळेल."

आबानं तो झिजलेला गिअर तळहातावर घेऊन उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाला, "म्हंजे कुनीतरी झिजायचंच. तुजी आय झिजली तशी." मी स्क्रू शोधायचं निमित्त करून खाली वाकले. असलं काही हा माणूस अचानक बोलतो आणि आपली पंचाईत होते.

नवीन गिअर बसवला, ग्रीस भरलं आणि त्याची शिकवणी घेतली. चढात खटका दाबायचा नाही. चढाच्या तोंडाशी पायडल थांबवायचं, एक श्वास घ्यायचा, हलका गिअर टाकायचा, मग निघायचं. वर पोचलं की उतरून मोटरवर तळहात ठेवायचा आणि दहा मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर पुढे जा. चटका बसला तर सावलीत बसून राहा, मोटर निवेपर्यंत. आबानं पाढे म्हटल्यासारखं सगळं म्हणून दाखवलं. आई दारात बसून ऐकत होती. म्हणाली, "तुजं आयकतोय गो. माजं कदी आयकलं नाय."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सायकल परत दुकानात. परत खरखर. सुतळी नव्हती, खटका मोकळा होता, तरी दात झिजायला लागलेले. मी आबाला काहीबाही बोलणार तेवढ्यात चेनकडे लक्ष गेलं. चेनच्या तेलात भाताचा तूस चिकटला होता, चांगला चिमूटभर. आमचा भात गिरणीत टेम्पोतून जातो. मग सायकलवर भात आला कुठून? माझ्याकडे होता तेवढा शेवटचा गिअर बसवला, सायकल दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता खिंडीत जाऊन करवंदीच्या जाळीआड बसले.

आठच्या सुमारास आबा आला. कॅरिअरवर भाताची गोण, दोरीने आडवी-उभी बांधलेली. चढाच्या तोंडाशी खटका वाजलाच नाही. अर्ध्या चढात थांबला, पाठीमागे वळून गोणीला हात लावून बघितलं, आणि तिथूनच जड गिअरात परत निघाला. मोटर रडली. वर पोचल्यावर मात्र शहाण्यासारखा उतरला, मोटरवर तळहात ठेवून दहा मोजायला लागला. सातावर मी जाळीतून बाहेर आले.

"किती भात आहे त्यात?"

तो दचकला, पण खोटं बोलला नाही. "साट किलो."

"साठच का?"

"तुज्या आयचं वजन. आरोग्य केंद्रात केलंन ना परवा."

मला एकदम रडू आलं, आणि मला रडू आलं की मी ओरडते. छाती तुझी आहे की कुणाची, डॉक्टर मूर्ख आहेत का, मी मूर्ख आहे का, सगळं बोलून घेतलं. आबा गोणीची दोरी सारखी करत ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "चाळीस वर्सं ती हितं उतरते, साक्षे. पोटुशी होती, तू पोटात होतीस, तवा पन उतरली. आता तिचे गुडघे ऱ्हायले नायत. टेम्पोत चढताना डोळ्यात पानी येतं तिच्या, तुला म्हाईत नाय. एकदा तरी बसून वर जाऊ दे तिला. मंग सायकल भंगारात घाल."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, धाप लागत नसेल तर जाऊ द्या. मग त्याच गोणीसकट मी स्वतः तीनदा खिंड चढून बघितली, मोटरचा जोर एक पायरी वाढवला, आणि आबाला बजावलं: मध्येच थांबून गोणीशी गप्पा मारायच्या नाहीत. थांबून जड गिअरात निघालास की दात गेले. खालीच हलका गिअर, मग थेट वर. माझ्याकडे आता दुसरा नायलॉनचा गिअर नाही. हा गेला तर यंदाही टेम्पो.

वीस मार्चला सकाळी आई पांढरं पातळ नेसून कॅरिअरवर बसली. तिला एवढंच सांगितलं होतं की यंदा सायकलनं जायचं. खिंडीचं आबानं काही सांगितलं नव्हतं, त्याला तिची गंमत करायची होती. मी स्कूटरवरून मागे. जीव नुसता टांगणीला लागलेला.

खिंडीच्या तोंडाशी आबानं पायडल थांबवलं. श्वास घेतला. सायकल हळू झाली. खटका वाजला, बरोब्बर हलका गिअर पडला, मी मनात म्हटलं, शाब्बास! आणि तेवढ्यात आमची आई, गुडघे बिडघे विसरून, टुणकन खाली उतरली.

अग आई गं! आबाला पत्ताच नाही. ती उतरतानाचा झटका चाळीस वर्षं त्याच्या अंगवळणी पडलेला. तो आपला मागे न बघता बोलत बोलत निघाला वर. "बग येसू, कशी चढते! बग, पाय पन लावत नाय मी!" आणि येसू खाली रस्त्यात माझ्याजवळ उभी, एक हात गुडघ्यावर. वर पोचून तो ऐटीत वळला. रिकामं कॅरिअर बघितलं आणि त्याचा चेहरा जो काय पडला, तो मला जन्मभर विसरायचा नाही.

"आई, तू उतरलीस कशाला?" मी जवळजवळ किंचाळले.

"हळू झाली सायकल," आई म्हणाली. "मला वाटलं, ह्यांना धाप लागली."

दोन वर्षं ही बाई रात्रंदिवस त्याचा श्वास ऐकत होती, आणि आम्ही बापलेक मोटरचा आवाज ऐकत बसलो होतो. मी तिला घट्ट धरलं. आबा चढ उतरून परत खाली आला. सायकल उभी केली, आईच्या समोर उभा राहिला.

"येसू, आता सायकल हळू होईल. धाप नाय, गिअर हाय तो. उतरायचं नाय."

"आणि तुमाला काय झालं तं?"

"हात ठेव. बग तूच."

ती बसली. एक हात गाठोड्यावर, आणि दुसरा, उघडा तळहात, आबाच्या पाठीवर डाव्या बाजूला. सायकल हळू झाली, खटका वाजला, आईने डोळे गच्च मिटले, पण उतरली नाही. मोटर एका सुरात चालली होती. वाडीतला टेम्पो बाजूने गेला, आतली माणसं ओरडली, दोघांपैकी एकानेही तिकडे बघितलं नाही.

वर पोचल्यावर आबा उतरला आणि वाकून मोटरवर तळहात ठेवला. आईचा हात अजून त्याच्या पाठीवर होता. तो तोंडातल्या तोंडात मोजत होता आणि तीही मोजत होती. त्याचे दहा आधी झाले, पण तो तसाच वाकून राहिला, तिचे होईपर्यंत.

"दहा," आई म्हणाली. "चला आता, काय नाय झालेलं."