नळावरून हद्दपार

माझ्या लांब राहणाऱ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, आम्हाला शाळेत जुनं ग्रीस शिकवतायत. तुला अथेन्स माहीत आहे?" मी "हो" म्हटलं आणि शेजारी बसलेल्या तुमच्या आजोबांना हसताहसता ठसका लागला. ते का हसले हे कधीतरी ते तुम्हाला सांगणारच, आणि सांगताना भरपूर तिखटमीठ लावणार. त्याआधी मीच लिहून ठेवते.

लग्न करून मी पुण्याहून पिंपरीला आले तेव्हा माझ्याकडे इंग्रजीतून घेतलेली इतिहासाची पदवी होती. कामगारांच्या त्या वसाहतीत पंचवीस घरांना मिळून एक नळ होता. पाणी दुपारी चार ते पाच. पदवीचं तिथे कुणाला काही काम नव्हतं. पण रांग लावणारं कुणीतरी हवं होतं, कारण रांगच नव्हती, नुसती झोंबाझोंबी होती. मी घरांची यादी केली, नंबर दिले आणि एक शिट्टी आणली. शिट्टी वाजली की पुढची घागर. महिन्याभरात भांडणं थांबली. तोवर मी 'त्या पुण्याच्या' होते, नंतर 'बाई' झाले. खरं सांगते, ती शिट्टी मला मंगळसूत्राच्या खालोखाल प्रिय होती.

रविवारी दुपारी मी बायकांना लिहायला-वाचायला शिकवत असे. अक्षरं गिरवून कंटाळल्या की गोष्ट सांगायची, आणि मला गोष्टी येत होत्या त्या ग्रीसच्या. अथेन्समध्ये राजा नव्हता, सगळे नागरिक टेकडीवर जमून राज्याचे निर्णय घेत, असं मी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

मोशीहून मुलाकडे राहायला आलेली एक म्हातारी होती. तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिने विचारलं, "समदे टेकडीवर, मंग पानी कोन भरत व्हतं?"

"बायका आणि गुलाम. त्यांना मत नव्हतं."

"मंजी हितल्यावानीच की!"

समोरच्या खोलीत राहणारी एक तरुण सून ताडकन म्हणाली, "इथल्यासारखं कसं, मावशी? घटनेनं आपल्याला मत दिलंय." ती बुद्धविहारातल्या वर्गात चार अक्षरं शिकून आली होती आणि घटना तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. "बाई, तुमचं अथेन्स आपल्या मागं आहे."

मग मी त्यांना हद्दपारीची पद्धत सांगितली. एखादा पुढारी डोईजड झाला की अथेन्सचे नागरिक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरत. ज्याच्या नावाची खापरं जास्त, त्याने दहा वर्षं गावाबाहेर राहायचं. एका सज्जन पुढाऱ्याकडे एक अडाणी माणूस आला आणि त्याला न ओळखता, त्याचंच नाव खापरावर लिहून मागू लागला. त्या पुढाऱ्याने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून दिलं. ही गोष्ट सांगताना माझे डोळे पाणावले होते. मावशी अगदी लक्ष देऊन ऐकत होत्या.

एकाहत्तर साली युद्ध सुरू झालं. दिघीला लष्कराची जागा असल्यामुळे शत्रूची विमानं आधी आपल्याकडेच येणार अशी वसाहतीची खात्री होती, आणि काहींना त्याचा थोडा अभिमानही होता. खिडक्यांना काळे कागद लागले. नळाशेजारी खंदक खणला गेला. आमच्याच वसाहतीतला, कारखान्यात हजेरी टिपणारा एक टाइमकीपर हवाई हल्ल्याच्या बंदोबस्ताचा वॉर्डन झाला. लांब शिट्टी वाजली की खंदकात उडी मारायची, असं त्याने घरोघर सांगितलं. माझ्याकडे येऊन म्हणाला, "वहिनी, तेवढी तुमची शिट्टी ठेवून द्या. युद्ध चालू आहे."

"माझी शिट्टी युद्धाच्या आधीपासून आहे," मी म्हणाले. "तुम्ही घंटा घ्या."

तिसऱ्याच दिवशी नऊ नंबर सोडून बारा नंबरवाली पुढे घुसली. माझा संताप झाला आणि मी शिट्टी वाजवली. ती लांब वाजली. पुढच्या क्षणी सगळी रांग खंदकात होती आणि मातीच्या घागरींचा चुरा झाला होता. नळाचं सांडपाणी साठून खंदकात गुडघाभर चिखल होता. सगळ्यात आधी उडी वॉर्डनने मारली होती, स्वतःची शिट्टी खिशात असताना.

त्या रविवारी बायका पाटीऐवजी पदरात खापरं घेऊन आल्या.

"आज धडा नको, बाई," समोरची सून म्हणाली. "आज मतदान."

शिट्टी गेली तर मी पुन्हा 'त्या पुण्याच्या'. तरी वाटत होतं, वॉर्डनलाही मतं पडतील. बायका खाली मान घालून खिळ्याने कोरत होत्या. एवढ्या मन लावून त्यांनी माझा एकही धडा गिरवला नव्हता.

मावशींना अजून लिहिता येत नव्हतं. त्या खापर घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. "ल्हिवा."

"कुणाचं नाव, मावशी?"

"तुमचंच की."

"मावशी, अहो, मला कसं सांगता?"

"मंग कुनाला सांगू? गोष्टीत तसंच व्हतं न्हवं? ज्याला काढायचं त्येच्याकडूनच ल्हिवून घ्यायचं. रीत हाय ती."

त्यांना ती खरोखरच रीत वाटली होती. मी वॉर्डनचं नाव लिहिलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. खिळा माझ्या हातात बराच वेळ होता. मग मी माझं नाव लिहिलं.

मोजणीही मलाच करावी लागली, कारण मोजणीत न चुकणारी वसाहतीत मी एकटीच होते. वॉर्डनला दोन मतं. एकीने सासूचं नाव लिहिलं होतं, ते बाद केलं. बाकी सगळी माझी.

"दहा वर्षं," समोरची सून म्हणाली. "नळाकडं फिरकायचं नाही. तुम्हीच शिकवलंय."

घरी सांगितल्यावर तुमच्या आजोबांनी विचारलं, "मग पाणी कोण भरणार?" आणि उत्तर त्यांचं त्यांनाच सुचलं. दुसऱ्या दिवसापासून बायकांच्या त्या रांगेत घागर घेतलेला एकच पुरुष उभा राहू लागला. शिफ्ट आड आली की कुणाची तरी विनवणी करत. आठवड्याभरात वसाहतीतल्या सगळ्या बातम्या मला त्यांच्याकडून कळू लागल्या.

रांगेची व्यवस्था दर आठवड्याला चिठ्ठी टाकून एकीकडे जायची, अथेन्समध्ये अधिकारी निवडत त्याच पद्धतीने; तीही मीच शिकवली होती. पहिली चिठ्ठी मावशींची निघाली. यादी वाचता येत नाही, शिट्टी नको म्हणाल्या. "तू ये गं. आता तू," एवढ्यावर पंचवीस घरांचं पाणी झालं. मी खिडकीचा काळा कागद थोडा उचलून बघत होते. पाच वाजायच्या आत झालं होतं, हे मला आवडलं नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम शिकवलं, की युद्धाच्या संकटात अथेन्सने हद्दपार केलेल्यांना परत बोलावलं होतं. पण तोवर आपलं युद्ध संपलं होतं.

वर्ग मात्र कुणीच सोडला नाही. वर्षाभरात मावशी स्वतःचं नाव लिहू लागल्या. माझी दहा वर्षं संपायला तीन महिने उरले असताना घरोघरी नळ आले, त्यामुळे मला परत बोलवायला जागाच राहिली नाही.

आता ती वसाहत नाही. शिट्टीही कुठे गेली आठवत नाही. मावशींचं खापर आहे. माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेलं असतं, आणि त्यावर माझं नाव आहे, माझ्याच अक्षरात.