लॅमिनेट केलेला राजा

आज दुपारी सौंसरला प्राचीनं पर्समधून माझं तिकीट काढलं, आणि त्याच क्षणी माझं सगळं संपलं.

आपल्या तिकीट जमवणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या मंडळींना माहीत आहे. राजाचं डोकं अगदी मधोमध, चारही बाजूंची पांढरी किनार सारखी, असं जुनं पोस्टाचं तिकीट शोधायला मला चार वर्षं लागली. कॉलेज अर्धवट सोडलं, पण हा शोध नाही सोडला. मागच्या महिन्यात तेच तिकीट मी प्राचीला दिलं. तोंडानं प्रेम सांगायची हिंमत नव्हती. "उत्तर सावकाश दे," एवढंच म्हणालो.

आज उत्तर ऐकायला पांढुर्ण्याहून बसनं तिच्या घरी गेलो. तिनं हसत तिकीट पुढे केलं. चकचकीत प्लास्टिकमध्ये, लॅमिनेट केलेलं!

"हे काय करून ठेवलं? गरम मशीनमधून काढलं? आता हे जन्मात निघत नाही! अक्कल आहे का तुले?"

तिची आई आतून ओरडली, "काय झालं वं?"

"काही नाही," प्राची म्हणाली. मग हळूच मला, "जन्मभर टिकावं म्हणूनच केलं होतं. तेच माझं उत्तर होतं."

"प्राची, ऐक ना, चुकलो मी..."

"तू किनारच मोजत राय. माणूस तुले दिसूनच नाही राहिला. जाय आता."

लॅमिनेशन कसं काढायचं ते कृपया सांगू नका. बोललेला शब्द कसा काढतात, ते माहीत आहे का कोणाला?

तिकीट टेबलावरच राहिलं. तिला उठावं लागू नये म्हणून बाहेर पडताना दार मीच ओढून घेतलं.