खंडूच्या खांबाला बांधलेली दोरी

माझी शेवटची मोठी पोस्टिंग काश्मीरमधल्या एका उंच चौकीवर होती. पहाटे स्टँड-टू असायचा. म्हणजे उजेड पडायच्या आत प्रत्येकानं हत्यार घेऊन वाळूच्या पोत्यांच्या आपापल्या मोर्चात उभं राहायचं. तो संपला की मी हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हणायचो. शेजारच्या मोर्चात नायक खंडू असायचा. आमच्याच गावचा, सेनगाव तालुक्यातला. त्याच्या घरी मेंढरं. आपली एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, पुसता पुसता तो हसायचा.

"हातात रायफल अन् तोंडात 'जीव घेऊ नये'! बराबर जमतंय का रे हवालदार?"

"काहून न्हाई जमणार?" मी म्हणायचो. पण पुढचं उत्तर मला कधी सुचलं नाही.

एका गस्तीत झाडीतून फायर आला. माझ्या मांडीत गोळी लागली. वायरलेसवर कॅप्टनसाहेबांचा आवाज आला, "सेक्शन, पीछे हटो. ओव्हर." मला उठता येईना. खंडूनं एलएमजी लावली.

"याला न्या. मी हाय हितं."

जवानांनी मला ओढत नाल्यात आणलं. एलएमजी बराच वेळ चालू होती. मग थांबली. त्यानंतरचा माझा प्रत्येक दिवस खंडूनं दिलेला आहे. हे मी भेटेल त्याला सांगतो.

रिटायर होऊन गावी आलो, तेव्हा चौकात खंडूचं स्मारक झालं होतं. साधा दगडी खांब, त्यावर नाव. मी रोज संध्याकाळी विहारात वंदना घेऊ लागलो. मी म्हणायचं, वस्तीतल्या पोरांनी मागून म्हणायचं. परेड काय, वंदना काय, रोज केली तरच अंगात मुरते. पोरं कुरकुरायची, "काका, आज सुट्टी द्या की." मी कधी दिली नाही.

यंदाच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला चूक आमच्याच पोरांकडून झाली. बॅनरच्या एका टोकाला आधार सापडेना, म्हणून त्यांनी दोरी खंडूच्या खांबाला बांधली. मनात काही काळंबेरं नव्हतं. पण खंडूच्या भावकीतल्या तरुणांना तो अपमान वाटला. त्यांनी दोरी कापली आणि बॅनर फोटोसकट धुळीत पडला.

मी पोचलो तेव्हा दोन्हीकडच्या हातांत दगड होते. मधे फक्त तो खांब. पोलीस सेनगावहून निघाले होते, पण तेवढा वेळ नव्हता.

"काका, बाजूला व्हा. आज न्हाई ऐकणार आमी," आमच्यातला एक जण ओरडला.

चौकीवर वाटली नव्हती एवढी भीती मला त्या दुपारी वाटली. एका बाजूला माझी पोरं, दुसऱ्या बाजूला खंडूचं रक्त. मी खांबाशी जाऊन खाली बसलो, हात जोडले आणि परेडच्या आवाजात म्हणालो, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स."

पोरांचे हात आपोआप जोडले गेले. जोडलेल्या हातांत दगड राहत नाही. जीव न घेण्याचं पहिलं शील आलं, "पाणातिपाता वेरमणी..." आणि मागून साथ आली. काहींचा आवाज रडवेला होता.

समोरचे गोंधळून बघत राहिले. तेवढ्यात त्यांच्यातून खंडूची आई, गिरजामावशी, पुढं आली. तिनं कापलेली दोरी उचलली.

"माझ्या लेकाच्या आधारानं कुणाचं काही उभं ऱ्हात असंल, तर त्याला काय जड हाय?" आपल्या पोरांकडं वळून ती म्हणाली, "टाका रे ते दगडं. अन् हे वर धरू लागा."

त्यांनी टाकले. बॅनर दोन्हीकडच्यांनी मिळून झटकला. खांबाला गाठ मावशीनंच मारली. मघाशी ओरडणारा आमचा पोरगा तिच्या पाया पडला.

"चुकलं, आजी."

"इचारलं असतंस तर मीच बांधली असती की रे बाबा."

परवा खंडूचा स्मृतिदिन झाला. विहारात आम्ही दरवर्षी त्याचं पुण्यानुमोदन करतो, वंदनेचं पुण्य त्याच्या नावानं अर्पण करतो. मावशी पुढच्या रांगेत बसते. या वेळी तिच्या मागं भावकीतले तरुणही येऊन बसले होते. वंदना संपल्यावर मी चौकात गेलो आणि खांबाला सॅल्यूट केला. हवालदारानं हाताखालच्या नायकाला सॅल्यूट करायचा नियम नाही. मी करतो.

खंड्या, उत्तर द्यायला उशीर झाला. बराबर जमतंय बघ.