तीन दिवस फुकट

सोलापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. टेंभुर्णीहून आलेला, पन्नाशीचा. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं आधी काउंटर पुसला, मग नव्या फोनचा खोका ठेवून तो तळहातानं झाकला. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला तो फोन द्यायचा होता, पण तिच्या नकळत नजर ठेवणारं ॲप आत घालून.

"तीन दिवस फुकट चालतंय म्हनं. आदी बगू, मग पैसे."

असली कामं मला नको वाटतात. टाळायचं म्हणून म्हणालो, "मग आधी तुमच्याच फोनवर घालून बघा." तो लगेच तयार झाला. त्याच्या जुन्या फोनवर मी ॲप घातलं, नव्यावर सगळं दिसू लागलं.

तिसऱ्या दिवशी आला. पुन्हा काउंटर पुसला आणि नव्या फोनवर बोट फिरवत मला दाखवू लागला. "ह्यो मानूस एसटी स्टँडवर चाळीस मिन्टं हुबा. कशाला? एकाच नंबरला पाच फोन. कुनाला?"

"तुम्हीच ना ते?"

"व्हय की. चुलतभावाची वाट बगत हुतो. पन नुस्तं ह्यात बगितलं तर माजाच मला संशय येतोय."

मला वाटलं, सुटली पोरगी. ॲप काढायला मी काउंटरवरचा त्याचा जुना फोन उचलला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"काढताय कुटं? माज्यासारक्या सरळ मानसाचं एवढं घावतंय, म्हंजे लई भारी हाय की. पैसे कसे भरायचे, सांगा."