ळ नसलेली मशीन

कॉम्प्युटर आमच्या दुकानात आला तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. त्याआधीचं सगळं आयुष्य ब्रशात गेलं. वांकिडीहून आदिलाबादला आलो आणि ऐंशीचं दशक कापसाच्या जिनिंगच्या भिंती, बियाण्यांच्या दुकानांचे बोर्ड, टॉकीजमधल्या जाहिरातीच्या काचा रंगवण्यात संपलं. वर तेलुगू, खाली मराठी, कोपऱ्यात इंग्रजी. तेलुगूचं वळण मी घोटून घोटून शिकलो होतो. मराठीचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझा भागीदार निर्मल गावाकडचा, तेलुगू. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये त्याचा हात बसलेला. घरी तेलुगू, बाजारात हिंदी, पण माझ्याशी तो मराठीच बोलायचा, आमच्या गावाकडची. मी त्याला अन्ना म्हणायचो, तो मला भाऊ. मी अक्षरं काढायची, त्यानं छापायची, असं आमचं बरं चाललं होतं.

नव्वदीच्या मध्यावर लग्नपत्रिकेची गिऱ्हाइकं 'कॉम्प्युटरची अक्षरं' मागायला लागली, तेव्हा दोघांनी मिळून मशीन घेतली. तेलुगूचं सॉफ्टवेअर हैदराबादचं, मराठीचं नागपूरचं. मराठीच्या पॅकेजबरोबर काडेपेटीएवढं एक कुलूप यायचं. ते मशीनच्या पाठीमागे खोचलं नाही तर एक अक्षर उमटत नसे. माझ्याच भाषेला कुलूप, याचं तेव्हा काही वाटलं नाही. बेला, जैनदकडचे लोक आधी पत्रिका छापायला पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात जात, ते आमच्याकडे येऊ लागले होते, त्यातच मी खूश होतो.

पत्रिकांचा मजकूर लावून झाला की माझा खासगी उद्योग सुरू व्हायचा. बोर्डावर मी जी अक्षरं रंगवायचो, त्यांचं वळण मशीनमध्ये उतरवत होतो. माऊसने एकेक बिंदू ओढायचा, रेघ वाकवायची, पुन्हा पुसायची. ब्रशाने एका झटक्यात येणारा 'क्ष' इथे दोन दुपारी खायचा. तरी अख्खी बाराखडी आणि निम्मी जोडाक्षरं झाली होती. त्या अक्षरांना द्यायचं नावही मी मनात ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या काळात मशीन सुधारायच्या नादाने जे छोटे छोटे प्रोग्रॅम निघाले होते, त्यांच्याबद्दल माझं मत फार वाईट आहे आणि ते आजही बदललेलं नाही. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम दर काही महिन्यांनी म्हणायचा, मी जुना झालो, मला नवा आणा. म्हणजे पहारेकरीच सांगतो की मला आता दिसत नाही. फॉन्ट सांभाळणारा एक होता, त्याने सांभाळायला घेतलेले फॉन्ट पुन्हा सापडत नसत. डिस्क नीट लावणारा मला आवडायचा, खोटं कशाला बोलू. पडद्यावर रंगीत चौकोन सरकत सरकत जागच्या जागी जात, आणि बघत बसलं की आपलंच काहीतरी आवरलं जातंय असं वाटे. मशीन मात्र होती तेवढीच हळू राही.

अन्नाला हे सगळे प्रोग्रॅम आवडायचे. हैदराबादला गेला की फ्लॉप्या भरून आणायचा. मशीनची डिस्क भरत आली तेव्हा त्याने एक प्रोग्रॅम आणला. तो म्हणे डिस्कवरचं सगळं दाबून बसवतो आणि जागा दुप्पट करतो.

"आहे तेवढ्या जागेत दुप्पट कसं मावन, अन्ना?" मी विचारलं.

"गादी दाबून पेटीत बसवत नाई काय आपण? तसंच," तो म्हणाला.

नवी डिस्क घ्यायची ऐपत त्या हंगामात आमची नव्हती, म्हणून मीही हो म्हटलं. काही आठवडे चाललंही. मग ऐन लग्नसराईत, दुपारी, लाईट गेली आणि आली. मशीन सुरू झाली तर डिस्क उघडेना. अन्ना तासन् तास कळा दाबत राहिला. शेवटी हैदराबादहून एक माणूस बोलावला. त्याने मशीन उघडली, पाहिली आणि हिंदीत सांगितलं की दाबलेल्या डिस्कमधून आता काही निघणार नाही. पत्रिकांची कामं आम्ही दुसऱ्याच्या दुकानात बसून कशीबशी निभावली. माझी अक्षरं गेली. काही फ्लॉप्यांवर ठेवली होती, त्यांना पावसाळ्यात बुरशी धरलेली. एक फ्लॉपी चालली. तिच्यावर 'अ' ते 'औ' होतं, पुढे काही नाही.

"पुन्हा काढू ना भाऊ," अन्ना म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण त्या 'पुन्हा'त किती दुपारी आहेत हे त्याला कळत नव्हतं.

जुन्या मशीनमध्ये नवी डिस्क घालण्यापेक्षा नवी मशीन परवडते, असं त्या हैदराबादच्या माणसाने पटवलं. लग्नसराईच्या पैशांत नवी मशीन आली, ती नव्या सिस्टिमसकट. तेलुगूवाल्यांनी जुन्या गिऱ्हाइकाला किरकोळ पैशात नवी आवृत्ती दिली. मराठीचं कुलूप मी पाठीमागे खोचलं, तर मशीन म्हणाली असं कुठलंच कुलूप लावलेलं नाही. नागपूरला फोन केला. तिकडून उत्तर आलं की तुमची आवृत्ती फार मागची आहे, सवलत फक्त तिच्या पुढच्या आवृत्तीवाल्यांना. तुम्हाला नव्याच्या भावात घ्यावं लागेल.

मी म्हटलं, आम्ही तुमचे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, म्हणूनच तर सांगून राह्यलो.

अपग्रेड या शब्दाची चीड मला तेव्हापासून आहे. चांगली चालणारी वस्तू आधी बिनकामाची करायची आणि मग तीच पुन्हा विकायची, याला आमच्या बाजारात वेगळा शब्द आहे.

अन्नाने विषय शांतपणे काढला. "तेलुगूचं काम रोज येते, भाऊ. मराठीचं लग्नसराईत येते, बाकी वर्षभर किती? तुमीच सांगा."

गिऱ्हाईक मलाही दिसत होतं. पोरं तेलुगू शाळेत जायला लागली होती. मराठी वाचणारे होते ते म्हातारे आणि पलीकडचे पाहुणे. अन्ना बरोबर बोलत होता, आणि तेच मला सोसत नव्हतं. तो चुकला असता तर भांडता आलं असतं.

तेलुगूच्या पॅकेजमध्ये हिंदी फुकट होतं. त्यावरच मराठी चालवा, असं ठरलं. त्या हिंदीत 'ळ' नव्हता.

थोड्याच दिवसांत बेल्याकडून एक भाजीवाले बाबा आले. बायको गेली होती, तेरवीची पत्रिका छापायची होती. तिचं माहेर पलीकडचं, तिकडे वाटायला मराठीतच पाहिजे. बाईच्या नावात ळ होता. माहेरच्या गावाच्या नावातही होता.

"ल टाका, भाऊ. कोण पाहून राह्यलं?" अन्ना आतून म्हणाला.

मी ल टाकला नाही. त्या जागा मोकळ्या सोडून बटर पेपरवर छापून घेतलं आणि प्रत्येक ळ पेनने काढला. बऱ्याच दिवसांनी हाताने अक्षर काढत होतो. बोटं माऊसच्या सवयीची झाली होती. पहिला ळ थरथरला, दुसरा जमला, तिसरा पुन्हा जाडा झाला. खोडून सारखा करायला वेळ नव्हता.

बाबांनी छापलेली पत्रिका उन्हात नेऊन पाहिली. बायकोच्या नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "पेंटर, हे अक्षर काहून येगळं दिसून राह्यलं? बाकी सगळे बराबर हायेत."

"मशीनमध्ये नाही, बाबा. हातानं काढलं," मी म्हणालो.

"मंग सगळंच हातानं काहून नाई काढलं?"

त्यांनी रागाने विचारलं नव्हतं. पत्रिका पिशवीत घालून ते बस धरायला निघून गेले. मी दुकानात परतलो तेव्हा अन्ना पडद्याकडे बघत होता. त्याने ऐकलं होतं. त्यानंतर आमचं एका टेबलावर डबे उघडणं कमी झालं. भांडण कधीच झालं नाही. वर्षभराने त्याने बाजाराच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान पाहिलं, मशीन तो घेऊन गेला, आणि मी तिच्यातल्या माझ्या वाट्याचे पैसे घेऊन पुन्हा रंगाचे डबे विकत आणले.

त्याच्या नव्या दुकानाचा बोर्ड मीच रंगवला. तेलुगू मोठ्ठं, त्याखाली इंग्रजी. शिडीवरून उतरत होतो, तेव्हा तो म्हणाला, "खाली मराठीतबी लिवा."

"कोण वाचन हे, अन्ना?"

"तुमी लिवा तर खरं."

मी लिहिलं. जीव लावून लिहिलं. पुढच्या दसऱ्याच्या आधी तिथून जाताना पाहिलं, तर बोर्ड नवा होता, छापील अक्षरांचा, दोनच भाषांचा. अन्ना आत गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी थांबलो नाही. बाजारहत्नूरच्या एका शाळेच्या भिंतीवर पाढे लिहायचं काम मिळालं होतं, आणि तिकडची बस सुटायला आली होती.