मामाच्या नाटकावर माझं मत

चहाचा कप जरा खाली ठेवा बाप्पा, ठसका लागला त मले बोलू नका. माझी अशी फजिती झाली आहे का आठवलं तरी अजून कान गरम होतात!

तेव्हा मी भंडाऱ्याले बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाले होतो. खोलीत मी अन् माझा दोस्त पंकज. कॉलेजात माझी ओळख एकच, सिनेमाचा जाणकार! शुक्रवारी सिनेमा लागला का शनिवारी कॅन्टीनमध्ये पोट्टे मले घेरून बसत. "सांग बे, कसा आहे? जावाचं का नाही?" मंग मी हात हलवून, डोळे मोठे करून असा सांगायचो का चहावाला गिऱ्हाईक सोडून ऐकत उभा राहे.

आता तुमच्यापासून काय लपवू? अर्धे सिनेमे मी पाहातच नव्हतो! ट्रेलर पाहायचा अन् बाकी वेळ मोबाईलवर गेम. मत द्याले सिनेमा कायले पाहा लागते? "सुरुवात जरा लांबली, पण नंतर पकडलं. हिरोईनचं गाणं वसूल. शेवटी अंगावर काटा!" कोणत्याबी सिनेमाले लावून पाहा, बरोबर बसते. एकदा त पंकज थेटरात न जाता, नुसतं माझं ऐकूनच रडला.

पण त्या साली माझे दोन विषय राहिले. दिवाळीत बाबानं साफ सांगून टाकलं, "पुरे झालं तुझं भंडारा. पेटी उचल अन् धान कापाले ये."

दिवसभर वाकून धान कापाचं म्हणजे माझ्यासारख्याची कंबर संध्याकाळी सरळ होत नाही. बाबाले समजावू शकेल असा जगात एकच माणूस होता, माझा मामा. आंबागडजवळच्या एका खेड्यात राहते.

आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा, घरोघरी पाव्हणे, अन् रात्री नाटक. मामानं वीस वर्षं त्या नाटकाचा पडदा ओढला होता. यंदा पहिल्यांदा त्याले खलनायकाचं काम भेटलं! दोन महिने मिशी वाढवून राहिला होता बिचारा. मामी आरसा लपवून ठेवे.

मामा म्हणे, "भाऊजी मंडईले माझ्याच घरी येणार आहेत. नाटक झालं का मी बोलतो त्यायच्याशी. पण तू नाटकाले ये रे बाबू. तू जाणकार माणूस."

अन् नेमका त्याच दिवशी आमच्या गेमचा सामना! चार जणांची टीम, मी कप्तान. कप्तानानं टीम सोडून जावं काय? तुम्हीच सांगा! नाही गेलो. पहिल्या पाच मिनिटात हरलो, ते सोडा.

सकाळी मामाचा फोन.

"काय बाबू, आलता का नाटकाले?"

खरं सांगावं त मामाचं मन दुखन, मामा बाबाशी बोलणार नाही, अन् माझ्या हातात विळा! तोंडातून निघून गेलं, "आलतो ना मामाजी! मागं उभा होतो, गर्दीत दिसलो नसन. प्रॅक्टिकल होतं, म्हणून पहिल्या बसनं परत आलो."

मामानं घसा खाकरला. मंग म्हणे, "अस्सं! कसं वाटलं मंग?"

"पहिला अंक जरा लांबला. पण तुमची एन्ट्री! बाया घाबरल्या ना जी!"

"काय सांगतं! अन् हिरोईन?"

"तिच्या गाण्याले त लोकं तिले आत जाऊच देऊन नव्हते राहिले. वन्स मोर, वन्स मोर!"

"अन् शेवट?"

"अंगावर काटा, मामाजी!"

"बाबू, तू आत्ताच्या आत्ता इकडं ये. मंडळींले हे तुझ्या तोंडून ऐकू दे. तुझे बाबाबी इथंच आहेत. पोरगा किती हुशार आहे, हे त्यायलेबी समजू दे."

मी फुगलो! तुमसरची बस, तिथून दुसरी बस, अन् रस्ताभर मनात भाषण. दुपारी पोहोचलो. पाहातो त मंडप तसाच उभा, भोंगे तसेच बांधलेले. वाटलं, जागरण झालं, लोकं थकले असतीन.

मंडपात नाटकाची सारी मंडळी बसली होती. मधात मामा, बाजूच्या बाकावर बाबा. मी सुरू झालो ते पाऊण तास थांबलोच नाही. लाईट कशी, पेटीवाला कसा, मामाचं राक्षसासारखं हसणं कसं! एक म्हातारा धोतरानं डोळे पुसून राहिला होता. मी म्हटलं, पाहा, माझ्या बोलण्यानं माणूस रडला. अजून जोर चढला. "हिरोईनच्या डोळ्यातलं पाणी मले मागून दिसलं," इथवर गेलो.

शेवटी मामा उठला. आमच्यात मामा भाच्यावर हात उचलत नाही, उलट भाच्याच्या पाया पडते. मामानं सगळ्यांसमोर वाकून माझे दोन्ही पाय धरले अन् म्हणे, "महाराज, धन्य झालो! काल बाहेरगावून येणाऱ्या त्या हिरोईन बाईची गाडी रस्त्यात बंद पडली. नाटक झालंच नाही. आज आहे."

मंडप हसून हसून पडाचा बाकी राहिला! तो म्हातारा रडून नव्हता राहिला, पोट धरून हसून राहिला होता. मले वाटलं, जमीन फाटावी अन् मी आत जावं.

हसले नाही ते एकटे बाबा. बाकावरून उठले, हळूहळू माझ्याकडं आले.

"बाबा, चुकलो. गेम खेळून राहिलो होतो. मामाजी, माफ करा जी." खरंच रडू आलं होतं मले.

मामाच मधात पडला. "भाऊजी, जाऊ द्या, पोट्टा आहे. याचं शिक्षण नका तोडू." ज्याच्या नाटकाले मी दांडी मारली, तोच माझ्यासाठी हात जोडून उभा! तेव्हा वाटली तेवढी लाज मले पुन्हा कधी वाटली नाही.

बाबानं मले वरपासून खालपर्यंत पाहिलं. मंग म्हणे, "जाऊ द्या याले भंडाऱ्याले."

जीव भांड्यात पडला हो! छातीवरचा दगड उतरला. मी पटकन पाया पडलो. "खरंच बाबा? शिकू देता मले?"

"मंग काय करू?" बाबा म्हणे. "घरी ठेवला त हा बांधावर बसून, विळ्याले हात न लावता, धान कसं कापलं ते गावभर सांगत फिरन!"